बिलात बारा, गेटवर आठ: सरकारी ऑफिसातले सिक्युरिटी गार्ड

कारकून_कोपरा (धागालेखक)

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेत आहे, कुठलं ऑफिस ते विचारू नका प्लीज. आमच्याकडे सिक्युरिटी टेंडर काढून एजन्सीकडून घेतलेली आहे. दर महिन्याला एजन्सीचं बिल येतं, त्याला गार्डचं हजेरीपत्रक जोडलेलं असतं, आणि त्यावर "प्रत्यक्ष काम केल्याचे प्रमाणित करण्यात येते" असा शिक्का मारून सही करायची हे काम माझं. मग साहेब, मग लेखा शाखा, मग ट्रेझरी. दोन वर्षं मी ही सही करतोय. मारली सही, पुढची फाईल.

तर मार्चएंडला रात्री उशिरापर्यंत थांबावं लागलं सलग आठवडाभर, आणि एक गोष्ट लक्षात आली की रात्री साडेनवाला मला गेट उघडून देणारा जो गार्ड आहे तोच सकाळी पावणेआठला आलो तरी गेटवर असतो. आधी वाटलं डबल मारली असेल एखाद्या दिवशी. पण रोज तोच. मग सहज मोजलं. आमची वर्क ऑर्डर आहे ४ पॉइंटची (पॉइंट म्हणजे गार्ड उभा करायची जागा), आठ तासाच्या तीन शिफ्ट, म्हणजे १२ गार्ड. गेटवर माणसं आठ. बारा-बारा तासाच्या दोन शिफ्ट चालतात. बिल मात्र बाराचं, मस्टरवर बारा नावं, बाराच्या सह्या (एकाच पेनाच्या, हे आता दिसायला लागलं).

त्या रात्रीच्या गार्डला विचारलं तर आधी हसला नुसता. मग म्हणाला साहेब तुम्हीच तर सही करता.

खोटं कशाला बोलू, ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून धागा. ह्या लोकांचा पगार, ट्रेनिंग आणि त्यांच्यावर देखरेख नक्की कुणाची हे कुणाला अनुभवातून माहीत असेल तर सांगा. उपदेश नको, मी स्वतःला पुरेसा केलाय.

---

निशाचर_डॉक

बरा विषय काढलात. मी सरकारी हॉस्पिटलात रेसिडेन्सी केली आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याला डॉक्टरला मारहाण झाली त्यानंतर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, तेव्हा सरकारनं हायकोर्टात सांगितलं होतं की महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे ११०० रक्षक हॉस्पिटलांना देऊ. आले काही ठिकाणी, चांगले पण होते. पण वॉर्डच्या दारात शेवटी जो उभा असतो तो साधा एजन्सीचा गार्ड, आणि त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं की पेशंट दगावल्यावर पंधरा नातेवाईक आत घुसले की करायचं काय. अडवायचं का? हात लावायचा का? पोलिस चौकीला फोन कुणी करायचा? आमच्या वॉर्डचा गार्ड राड्याच्या वेळी आमच्याच ड्यूटी रूममध्ये येऊन लपला होता. तेव्हा राग आला होता, आता नाही येत. एवढ्याशा पगारात मार खायला तो का थांबेल.

---

मावळतीकडे

हे सगळं ठीक आहे पण मुळात ऑफिसात चार चार पॉइंट लागतातच कशाला? गेटवर एक खुर्ची, त्यावर एक माणूस, समोर रजिस्टर, आणि आपण नाव लिहायचं "राम" मोबाईल नंबर दहा वेळा नऊ. कुणी बघत नाही. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून गेलो की ती पीं करते आणि गार्ड दुसरीकडे बघत असतो. जनतेचा पैसा आहे हो.

---

पॉइंटमन

मावळतीकडे साहेब, ती चौकट प्रत्येकाला पीं करती, पट्ट्याला करती चावीला करती. दिवसाला पाचशे माणूस आत जातंय, प्रत्येकाला थांबवून हातातल्या डिटेक्टरनं बघायचं म्हटलं तर लाईन रोडपर्यंत जाईल आणि पहिली कंप्लेंट आतल्या साहेबाचीच येईल की माझे पाहुणे अडवले. मी गार्ड आहे नऊ वर्षं झाली. सरकारी पॉइंटच केलेत जास्त.

पगाराचं सांगतो. मला हातात किती येतात ते इथं लिहीत नाही पण कसे येतात ते लिहितो. बँकेत पूर्ण येतात, कारण टेंडरमधी लिहिलंय बँकेत द्या म्हणून. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर फिरतो, प्रत्येकाकडून ठरलेली रक्कम परत घेतो रोख. नाही दिली तर पुढच्या महिन्यात पॉइंट बदलतो, लांब टाकतो नाहीतर "सध्या बसा घरी, कॉल करतो". आधीच्या एजन्सीत तर एटीएम कार्डच त्यांच्याकडं असायचं. पीएफ कापतात, खात्यावर कधी दिसतो कधी नाही. युनिफॉर्मचे कापतात, बूट आपलेच.

ट्रेनिंग म्हणाल तर सकाळी फॉर्म भरला, दुपारी युनिफॉर्म मिळाला (आधीच्या माणसाचा, खिशात त्याची तंबाखूची पुडी पण होती) आणि रात्री पॉइंटवर. सर्टिफिकेट नंतर आलं, त्यावर वीस दिवस ट्रेनिंग केलं असं लिहिलेलं.

---

सुभेदार_पेन्शनर

पॉइंटमन यांचा प्रतिसाद वाचून वाईट वाटले. नियम काय सांगतो ते लिहितो कारण मी निवृत्तीनंतर काही काळ ट्रेनर म्हणून काम केले आहे.

खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा २००५ चा, ज्याला सगळे पसारा म्हणतात. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत नवीन माणसाला किमान १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असे १६० तास, किमान २० कामाच्या दिवसांत पसरलेले. माजी सैनिक किंवा माजी पोलिस असेल तर ४० अधिक १६ तास. शिकवायचे काय त्याचीही यादी आहे, आग विझवणे, गर्दी आवरणे, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणे, आणीबाणीत इमारत रिकामी करणे. पुरुषाची उंची १६० सेंमी, एक किलोमीटर सहा मिनिटांत धावणे. दर वर्षी मेडिकल. १५ गार्डमागे एक सुपरवायझर. पोलिस व्हेरिफिकेशन. सगळे आहे कागदावर.

मी ट्रेनर होतो तेव्हा बॅच यायची तिसाची, तीन दिवसांनी मालकाचा फोन, साहेब साईट सुरू झाली, पाठवा पोरं. सर्टिफिकेट आम्ही छापून देतो. चौथ्या महिन्यात मी सोडले ते काम. फौजेत रंगरूट घडवायला महिनेच्या महिने लागतात, इथे तीन दिवसात कोण घडणार.

---

उन्हाळी_सुट्टी

माझी आई लेडी गार्ड आहे, सरकारीच इमारत. कायदा वगैरे मला माहीत नाही पण दोन गोष्टी लिहिते. बायकांची झडती बाईनंच घ्यायची म्हणून एक लेडी गार्ड प्रत्येक ठिकाणी लागते, म्हणजे एकच. ती एकच असल्यामुळे तिला जागा सोडता येत नाही, बाथरूमला जायचं तर कुणाला तरी उभं करून जावं लागतं आणि स्टाफचं बाथरूम कुलूपबंद असतं, किल्ली शिपायाकडे. आई ड्यूटीला असली की पाणी कमी पिते. डॉक्टरकडे दोनदा नेलंय त्यापायी.

दुसरं, खुर्ची. साहेब लोक येताना दिसले की उभं राहायचं, मग खुर्चीच काढून घेतली कुणीतरी. बास.

---

कारकून_कोपरा

उन्हाळी_सुट्टी, आमच्याकडे पण किल्ली शिपायाकडेच असते. हे मी कधी बघितलंच नव्हतं. उद्या ती किल्ली गेटवर ठेवायला सांगतो, एवढं तर माझ्या हातात आहे.

---

एजन्सीतून_सुटलेला

आता माझी पाळी. मी एका एजन्सीत (नाव नाही सांगणार) ऑपरेशन्स बघायचो, टेंडर भरायचो. शिव्या द्यायच्या असतील तर द्या पण आधी गणित बघा.

सरकारी टेंडरमधे गार्डचा पगार ठरलेला असतो, किमान वेतन आणि महागाई भत्ता. त्यावर एजन्सीचा पीएफ, इएसआयसीचा सव्वातीन टक्के, बोनस. हे सगळ्यांना सारखंच, मग स्पर्धा कशात? फक्त सर्विस चार्जमधे, म्हणजे एजन्सीच्या स्वतःच्या टक्क्यात. पूर्वी लोक शून्य भरायचे. मग २०१४ ला केंद्राच्या अर्थखात्यानं काढलं की शून्य भरलं तर टेंडर बाद. मग लोकांनी काय केलं, एक पैसा भरायला सुरुवात केली, ०.०१ टक्का. मग सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर खालची मर्यादाच आणली, ३.८५ टक्के. लगेच सगळे ३.८५. दहा एजन्सी, दहा सारखे आकडे, मग सिस्टीम त्यातून एक निवडणार.

आता ह्या ३.८५ मधे टीडीएस अडकतो, अनामत रक्कम अडकलेली असते, बिल तीन तीन महिने निघत नाही, आणि टेंडरची अट असते की आधी एजन्सीनं पगार करायचा मग बिल लावायचं. म्हणजे दीडशे गार्डचा तीन महिन्याचा पगार मालकानं खिशातून घालायचा. ट्रेनिंगचे पैसे कुठून येणार? आणि नफा? तो काढायचा बारातल्या आठातून, परत घेतलेल्या रोखीतून, युनिफॉर्मच्या कटिंगमधून. टेंडर उघडणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. कुणीही कॅल्क्युलेटर घेऊन बसलं तर कळतं की ह्या भावात प्रामाणिक काम होऊ शकत नाही. तरी वर्क ऑर्डर निघते.

चोरी आहेच, नाही म्हणत नाही. पण चोराला किल्ली टेंडरमधेच मिळालेली असते.

---

मावळतीकडे

म्हणजे बिचारे मालक? वा.

---

एजन्सीतून_सुटलेला

बिचारे नाही हो. माझ्या मालकाकडे दोन फॉर्च्युनर होत्या. मी फक्त पैसा कुठून निघतो ते सांगितलं.

---

कलमबहाद्दर

धागालेखकांनी मोजलेलं गणित पुढे नेतो. ४ पॉइंट, ३ शिफ्ट, ७ दिवस म्हणजे आठवड्याला ८४ ड्यूट्या. प्रत्येक माणसाला एक साप्ताहिक सुट्टी द्यायची तर माणशी ६ ड्यूट्या, ८४ भागिले ६ म्हणजे १४ माणसं लागतात. तुमची वर्क ऑर्डरच १२ ची आहे, म्हणजे रिलीव्हर (सुट्टीवर असलेल्याच्या जागी येणारे) धरलेलेच नाहीत, म्हणजे एजन्सीनं एक पैसा खाल्ला नाही तरी कुणाची तरी सुट्टी बुडणार किंवा गेट रिकामं राहणार. हा घोळ तुमच्या ऑफिसचा, एजन्सीचा नाही.

आता ओव्हरटाईम. नेहमीच्या कामाच्या वर जेवढे तास, तेवढ्यांना दुप्पट दर, हे पूर्वी पण होतं आणि आता वेतन संहितेत पण आहे (चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात). बारा तासाच्या ड्यूटीत आठ साधे आणि चार दुप्पट, म्हणजे एका माणसाला एका दिवशी दोन दिवसांचा पगार. आठ माणसं बारा तास उभी केली तर रोजचे १६ पगार द्यायला लागतात, बारा माणसं आठ तास ठेवली तर १२. कायद्यानं बारा तासाची ड्यूटी महाग पडायला पाहिजे. ती स्वस्त पडते याचा अर्थ दुप्पट सोडा, एकपट पण कुणी देत नाही.

आणि जबाबदारी कुणाची विचारलंत ना, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होतं की ठेकेदारानं वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं तर मूळ मालकानं द्यायचं आणि ठेकेदाराकडून वसूल करायचं. पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर राहून सही करणार असंही होतं. आता तो कायदा संहितेत गेला पण मूळ मालकाची जबाबदारी गेलेली नाही. मूळ मालक म्हणजे तुमचं ऑफिस. तुम्ही ज्या शिक्क्यावर सही करता तो शिक्का गंमत नाहीये.

---

नंबरी_रक्षक

सगळे एजन्सी एजन्सी करताय, महाराष्ट्रात १९८१ पासून सुरक्षा रक्षक कायदा आहे आणि सुरक्षा रक्षक मंडळ आहे हे कुणीच लिहिलं नाही अजून. मी मंडळाचा गार्ड आहे, माझा स्वतःचा नोंदणी नंबर आहे. आमच्यात एजन्सीमालक असा नाहीच, माथाडीच्या १९६९ च्या कायद्यासारखी रचना. आस्थापनेनं मंडळाकडं नोंदणी करायची, पगार आणि वर लेव्ही (पगारावर ठराविक टक्के जादा रक्कम) मंडळाकडं भरायची, मंडळ आम्हाला पगार देणार, लेव्हीतून पीएफ ग्रॅच्युइटी बोनस रजा. पॉइंट बंद झाला तरी नंबर जात नाही, दुसऱ्या पॉइंटची वाट बघायची. मंडळावर सरकार, मालक आणि रक्षक तिघांचे प्रतिनिधी.

सगळं गोड नाही. पॉइंट बंद झाल्यावर सहा महिने घरी बसलोय मी. पण सुपरवायझरला पैसे परत द्यायला लागले नाहीत कधी.

एजन्सीवाले येतात ते ह्याच कायद्याच्या २३ कलमाच्या सूटीतून. अट अशी की एजन्सीच्या गार्डला मंडळापेक्षा कमी मिळता कामा नये. आता पॉइंटमनदादांना विचारा मंडळाएवढं मिळतं का.

---

पॉइंटमन

नाय मिळत. आणि मंडळात नंबर लागायला पण ओळख लागती असं ऐकून आहे. बघा राग नका मानू.

---

नंबरी_रक्षक

राग कशाला, खरंय ते काही ठिकाणी.

---

निशाचर_डॉक

थोडं अवांतर पण ट्रेनिंगचा मुद्दा पगाराच्या खाली दबतोय म्हणून. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात रात्री नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या सिव्हिलचा आयसीयू. रात्री दीड-दोनला अशा इमारतीत जागा असणारा, भिंतीवरचं लाल सिलेंडर हातात घेऊ शकणारा, मेन स्विच कुठे ते माहीत असू शकणारा माणूस कोण? नर्स एक, ती पेशंटपाशी. उरला गार्ड. मी माझ्या आताच्या ठिकाणी रात्री राउंडला चार गार्डना विचारलं, सिलेंडर चालवता येतं का. एकानं हो म्हटलं, पिन काढायची ते त्याला माहीत होतं, आणि तो आधी पेट्रोल पंपावर कामाला होता म्हणून. मागच्या जिन्याच्या दाराची किल्ली चौघांपैकी कुणाकडेच नव्हती.

---

सुभेदार_पेन्शनर

डॉक्टर, ही चाचणी उत्तम आहे. प्रत्येक ऑफिसप्रमुखाने करावी, अर्धा तास लागतो.

अजून एक गोष्ट जी शिकवली जात नाही, अधिकार. गार्ड म्हणजे पोलिस नव्हे. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यासमोर झाला तर कोणीही नागरिक पकडू शकतो तेवढेच तो पकडू शकतो, आणि नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० कलमाप्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचे. खोलीत कोंडून चौकशी करणे, थोबाडीत मारणे हा गुन्हा गार्डवर लागतो, ज्यांनी "बघ रे याच्याकडे" म्हणून सांगितले ते साहेब नामानिराळे. एका पोराचे आयुष्य असे नासताना पाहिले आहे.

---

कलमबहाद्दर

धागालेखक, करायचंच असेल तर एकदम तक्रार वगैरे नको. पुढच्या बिलाला तीन कागद मागा: गार्डनिहाय बँकेत पैसे गेल्याचा पुरावा, पीएफची ईसीआर यादी (कुणाच्या नावानं किती भरले ती) यूएएन म्हणजे पीएफ खात्याच्या नंबरासकट, आणि शिफ्टनिहाय हजेरी. टेंडरच्या अटीत हे बहुतेक असतंच, कुणी मागत नाही एवढंच.

---

एजन्सीतून_सुटलेला

ईसीआर मागाल तर ते चलन देतील, फक्त चलन. त्यावर एकूण रक्कम असते, नावं नसतात. तेच एक चलन आम्ही सहा ऑफिसांच्या बिलांना जोडायचो. नावांची यादीच मागा आणि त्यात तुमची बारा नावं शोधा. सापडली की नाही इथे येऊन सांगा, मी आधीच पैज लावतो.

---

पॉइंटमन

कारकून साहेब एक विनंती. करा पण त्या रात्रीच्या गार्डचं नाव कुठं येऊ देऊ नका. त्याच्याशी गेटवर उभं राहून बोलू पण नका आता.

---

कारकून_कोपरा

पॉइंटमन, नोंद घेतली. नाव कुठेच नाही घेणार.

---

कारकून_कोपरा (अठरा दिवसांनी)

इथे येऊन सांगा म्हटलं होतं, म्हणून अपडेट. बिल आलं, मी सही न करता तीन कागदांची मागणी लिहून परत पाठवलं. साहेब आधी वैतागले, ट्रेझरीत अडकेल म्हणून, मग कलमबहाद्दर यांनी सांगितलेला मूळ मालकाचा मुद्दा टिपणीत लिहिला तेव्हा गप्प बसले आणि सही केली. स्वतःवर येणार म्हटल्यावर फाईल वाचली त्यांनी.

आधी चलनच आलं. सुटलेला, पैज जिंकलात. मग यादी मागितली, ती आली दोनशेच्या वर नावांची, सगळ्या साईट एकत्र. आमच्या बारातली सात सापडली. एक नाव असं आहे की ते आमच्या मस्टरवर महिनाभर रात्रपाळीला आहे आणि आमच्यातल्या कुणी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही. बिल आता आठाचं निघेल, वरच्यांचे कापून. पण त्या आठ जणांना बारा तासाचे पैसे मिळणार का, तर त्यावर साहेब म्हणाले ते कामगार आयुक्तांकडे जाऊ दे, आपण पत्र देऊ. पत्राचा मसुदा माझ्या टेबलावर आहे.

नवीन टेंडरमधे १४ माणसं आणि आग विझवण्याचं प्रात्यक्षिक आमच्या आवारात, आमच्यासमोर, एवढं घालायला साहेब तयार झालेत. बाथरूमची किल्ली गेटवर आली.

आणि तो रात्रीचा गार्ड सोमवारपासून नाही. मी नाव कुठेच लिहिलं नव्हतं. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला "त्याला गोडाऊनला टाकलाय साहेब, तुमच्याशी लई बोलायचा." फोन लावतोय दोन दिवस, उचलत नाही.

---

पॉइंटमन

गोडाऊनच्या पॉइंटला मोबाईल गेटवर जमा करून घेतात. सकाळी आठनंतर लावा, ड्यूटी सुटल्यावर.